तारांचा माणूस : ऑलिव्हर हेविसाइड

होस्टेलवर दरवर्षी एक वाद हमखास होतो. कुणीतरी सेकंड हँड अॅम्प्लिफायर आणतो, दुसरा कुठून तरी दोन स्पीकर जमवतो, आणि मग वायर कोणती लावायची यावर रात्रीचे दोन वाजतात. एका गटाच्या मते इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी फ्लेक्सिबल वायर पुरते. दुसऱ्या गटाने कुठेतरी वाचलेलं असतं की ऑक्सिजनविरहित तांब्याची, चांदीचा मुलामा दिलेली, जाडजूड केबल लावली की गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतो. परदेशात अशा केबलच्या एका जोडीला आपल्या चार वर्षांच्या फीपेक्षा जास्त पैसे मोजणारे लोक आहेत. २००७ साली अमेरिकेत ७,२५० डॉलर किमतीच्या स्पीकर केबलवरून मोठी खडाजंगी झाली. जेम्स रँडी या जादूगाराने आव्हान दिलं की ही केबल आणि साधी चांगली केबल यांतला फरक डोळे झाकून ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देईन. पुढे काय झालं? केबलवाल्यांनी माघार घेतली आणि चाचणी झालीच नाही.

हा वाद ज्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच गणिताने मिटवून ठेवला, तो माणूस कधी कॉलेजात गेला नव्हता. लहानपणापासून त्याला नीट ऐकूही येत नव्हतं. त्याचं नाव आपण सगळे रोज घेतो, पण एम-थ्रीच्या पेपरात, 'हेविसाइड युनिट स्टेप फंक्शन' म्हणून. पाच मार्कांसाठी पाठ केलेल्या त्या नावामागे एक अख्खं आयुष्य आहे, आणि ते फारसं सुखाचं नाही.

ऑलिव्हर हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. वडील लाकडावर चित्रं कोरण्याचं काम करायचे. छापखान्यात नवी तंत्रं येत गेली तशी या कामाची मागणी कमी होत गेली. घरात चार मुलगे, ऑलिव्हर सर्वांत धाकटा, आणि पैशाची कायमची ओढाताण. त्यात त्याला लहानपणी स्कार्लेट फीवर झाला आणि कान अधू झाले. इतर मुलांचं बोलणं कळत नाही, खेळात घेत नाहीत, म्हणून पोरगं एकलकोंडं झालं. पुढे ऐकू येणं थोडंफार सुधारलं, स्वभाव मात्र तसाच राहिला.

घरात एकच मोठा माणूस होता, मावशीचे यजमान चार्ल्स व्हीटस्टन. होय, तेच आपल्या फर्स्ट इयरच्या लॅबमधल्या ब्रिजवाले. (तो ब्रिज खरं तर सॅम्युअल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्येच मांडला होता, व्हीटस्टननी तो प्रसिद्ध केला. पण जर्नलमध्ये हे लिहून मार्क जास्त मिळत नाहीत.) व्हीटस्टन तारायंत्राच्या धंद्यातले बडे प्रस्थ. त्यांच्यामुळे ऑलिव्हर आणि त्याचा भाऊ आर्थर या दोघांनाही तारेचा नाद लागला.

१८६५ साली पाचशेहून जास्त मुलांच्या एका परीक्षेत तो पाचवा आला, पण भूमितीत मात्र आपटला. युक्लिडच्या पद्धतीने पायरी पायरीने सिद्धता घोकणं त्याला जन्मभर आवडलं नाही. सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि अठराव्या वर्षी, १८६८ मध्ये, तो डेन्मार्कला तार ऑपरेटर म्हणून गेला. इंग्लंड आणि डेन्मार्क यांच्यामध्ये समुद्राखालून नुकतीच केबल पडली होती. पुढे त्याची न्यूकॅसलला बदली झाली. आयुष्यात त्याने केलेली नोकरी ही एवढीच.

तो काळ समुद्री केबलचा होता. १८५८ साली अटलांटिकखालून पहिली केबल पडली तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला १६ तास लागले. सिग्नल नीट येत नाही म्हणून एका शहाण्याने केबलला सुमारे दोन हजार व्होल्ट लावले, आणि ती केबल काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज आपल्या मुंबईहून निघून एडनपर्यंत केबल टाकत गेलं आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनला जोडली गेली. तेव्हा हेविसाइड वीस वर्षांचा होता आणि दुसऱ्या एका केबलच्या टोकाला बसून टिकटिक करत होता.

इतर ऑपरेटर ड्यूटी संपली की घरी जायचे. हा बसून गणितं करायचा. १८७३ साली व्हीटस्टन ब्रिज सर्वांत संवेदनशील कसा करावा यावर त्याने लेख लिहिला आणि तो विल्यम थॉमसन (म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन) व मॅक्सवेल या दोघांच्याही नजरेत भरला. त्याच वर्षी मॅक्सवेलचा विद्युतचुंबकत्वावरचा ग्रंथ बाहेर पडला. तो चाळून या पोराचं डोकं फिरलं. त्यातलं गणित त्याला कळत नव्हतं, शाळेत तेवढं शिकवलंच नव्हतं, पण यात काहीतरी प्रचंड आहे एवढं मात्र कळलं. १८७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरी एका खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. त्यानंतर एकावन्न वर्षं त्याने कुठेही नोकरी केली नाही.

आपल्याकडे असं कुणी केलं तर गावात काय बोलतील ते सांगायला नको. तिथेही बोलले असतील. पण त्या खोलीत दहा-बारा वर्षांत जे झालं ते बघा. मॅक्सवेलची मूळ मांडणी वीस समीकरणांची होती. ती व्हेक्टरमध्ये बसवून आज आपण पाठ करतो त्या चार समीकरणांवर आणली ती हेविसाइडने, १८८४-८५ च्या सुमारास. जवळपास त्याच काळात जर्मनीत हर्ट्झही स्वतंत्रपणे तिथे पोहोचला. इंडक्टन्स, इम्पीडन्स, अॅडमिटन्स, कंडक्टन्स, पर्मिएबिलिटी हे सगळे शब्द त्याने रूढ केले. १८८० मध्ये कोअॅक्सियल केबलचं पेटंट घेतलं. टीव्हीच्या मागे केबलवाला जी काळी वायर खोचतो तिचा हा पणजोबा. हे सगळं तो 'द इलेक्ट्रिशियन' नावाच्या साप्ताहिकात लिहायचा आणि वर्षाला सुमारे चाळीस पौंड मिळवायचा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तारेतून आवाज का बिघडतो?

थॉमसनने समुद्री केबलचं जे गणित मांडलं होतं त्यात दोनच गोष्टी धरल्या होत्या, तारेचा रोध आणि तिचा कपॅसिटन्स. त्यावरून लांबी दुप्पट झाली की उशीर चौपट, असा हिशेब निघतो. सावकाश चालणाऱ्या तारायंत्राला हे पुरेसं होतं. पण १८७६ नंतर टेलिफोन आला. बोलण्यात जाड-बारीक अनेक फ्रिक्वेन्सी एकत्र असतात. लांब तारेत बारीक, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त झिजतात, शिवाय प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा वेग वेगळा पडतो. शब्द पलीकडे पोहोचेपर्यंत त्याचा चिखल झालेला असतो. हेविसाइडने १८७६ मध्येच गणितात तिसरी गोष्ट घातली होती, तारेचा सेल्फ इंडक्टन्स. पुढे चौथीही घातली, इन्सुलेशनमधून होणारी गळती. हीच ती ट्रान्समिशन लाइनची समीकरणं. १८८७ मध्ये त्यातून त्याने एक अट काढली. आर बाय एल आणि जी बाय सी सारखे झाले, तर तारेतली प्रत्येक फ्रिक्वेन्सी सारख्याच प्रमाणात झिजते आणि सारख्याच वेगाने जाते. आवाज बारीक होईल, पण बिघडणार नाही.

प्रत्यक्षातल्या केबलमध्ये जी अगदी कमी असतो, म्हणून तोल डावीकडे जड पडतो. गळती वाढवावी तर आवाजच उरत नाही. मग उपाय एकच, इंडक्टन्स वाढवा. तारेत ठरावीक अंतराने कॉइल घाला.

इथे त्याची गाठ विल्यम प्रीस यांच्याशी पडली. प्रीस म्हणजे ब्रिटिश टपाल खात्यातल्या तार विभागाचे मोठे अधिकारी. अनुभव दांडगा, गणित कच्चं. इंडक्टन्स हा आवाजाचा शत्रू आहे, तो जितका कमी तितकं बरं, हे त्यांनी सभांमधून ठासून सांगितलेलं होतं. १८८७ मध्ये ऑलिव्हर आणि आर्थर या दोघा भावांनी मिळून टेलिफोनवर एक लेख लिहिला. आर्थर टपाल खात्यातच इंजिनिअर होता, म्हणजे प्रीस त्याचे वरिष्ठ. लेख छापायला खात्याची परवानगी हवी होती. ती प्रीसनी दिली नाही. त्याच वर्षी 'द इलेक्ट्रिशियन'चे संपादक बदलले आणि नव्या संपादकांनी ऑलिव्हरची लेखमाला थांबवली. दोन्ही दारं एकाच वर्षी बंद झाली.

प्रीसना नुसता खलनायक ठरवणंही मला पटत नाही. याच माणसाने पुढे मार्कोनीला हात दिला. पण पदावर बसलेल्याला स्वतःचं जुनं वाक्य मागे घेणं फार जड जातं, आणि त्याची किंमत खालच्या माणसाला मोजावी लागते. हे प्रोजेक्टच्या सेमिनारला बसलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही!

आता आपल्या वादाकडे. मघाच्या चार गोष्टी घेऊन खोलीतली तीन मीटरची स्पीकर वायर तपासू. ऐकू येणारी सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी २० किलोहर्ट्झ. वायरमध्ये तिची तरंगलांबी येते दहा किलोमीटरच्या वर. तीन मीटरची वायर तिच्यापुढे मुंगीएवढी. म्हणजे हेविसाइडने ज्या बिघाडासाठी एवढं डोकं फोडलं तो बिघाड खोलीत होऊच शकत नाही. उरतो नुसता रोध आणि चिमूटभर इंडक्टन्स. २.५ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन सहा मीटरचा रोध होतो ०.०४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे आवाज ०.०५ डेसिबलनेसुद्धा कमी होत नाही. इंडक्टन्स धरा दोन मायक्रोहेन्री, २० किलोहर्ट्झला पाव ओहम, तोही काटकोनात मिळवायचा, म्हणजे जवळपास शून्य. स्किन इफेक्टची भीती घालतात, आणि गंमत म्हणजे तारेतला स्किन इफेक्टही १८८५ मध्ये हेविसाइडनेच मांडला. तांब्यात २० किलोहर्ट्झला ही खोली साधारण ०.४६ मिलीमीटर. बारीक बारीक तारा पिळून केलेल्या साध्या वायरीत त्याने कानाला जाणवेल असं काही होत नाही.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो खोटा का? सगळाच खोटा नाही. १९८३ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने कोणती वायर चालू आहे ते न सांगता लोकांना ऐकवलं. अगदी बारीक २४ गेजची वायर नॉइज सिग्नलवर ओळखता आली, कारण तिने आवाजच थोडा कमी होत होता. १६ गेजची साधी वायर आणि महागडी केबल यांच्यात मात्र संगीत ऐकताना कुणाला भेद करता आला नाही. कानाची खोड अशी की दोन आवाजांतला किंचित मोठा असेल तो त्याला जास्त चांगला वाटतो. म्हणून तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी मीटरने सारखी करा आणि वायर बदलणारा पडद्याआड बसवा. मित्रांनो, बहुतेक वाद तिथेच संपतात. खरी तक्रार असते ती वायरीच्या टोकाला. सैल स्क्रू, काळं पडलेलं तांबं, नाहीतर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे. उलटं लागलं की बास गायब होतो, आणि खापर वायरवर फुटतं.

पण आमच्याकडे पिंपळगाव रेणुकाईला हाच प्रश्न विचाराल तर उत्तर वेगळं येईल. भोकरदन तालुक्यातलं हे आमचं गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. नवरात्रात देवीच्या मंडपातून भोंग्याची वायर पार रस्त्यापर्यंत नेतात. समजा शंभर मीटर, आणि वायर एक चौरस मिलीमीटरची. जाऊन-येऊन दोनशे मीटर तांबं, रोध ३.४ ओहम. आठ ओहमचा भोंगा थेट जोडला तर अॅम्प्लिफायरची तीस टक्के पॉवर वायर तापवण्यात जाते, आणि वायर नसती तर मिळाली असती त्याच्या निम्मीच भोंग्याला मिळते. इथे जाड वायरीने खरोखर फरक पडतो. तरी मंडपवाला जाड वायर घेत नाही. तो अॅम्प्लिफायरच्या मागच्या शंभर व्होल्टच्या टर्मिनलला वायर लावतो आणि भोंग्यापाशी लाइन ट्रान्सफॉर्मर घालतो. पंचवीस वॉटचा भोंगा मग वायरीला चारशे ओहमचा दिसतो आणि तोटा एक टक्क्याच्या आत येतो. त्याने इम्पीडन्स हा शब्द कधी ऐकला नसेल, पण तो वापरतो रोज.

परत हेविसाइडकडे. त्याचं नशीब थोडं उघडलं ते १८८८ नंतर. ऑलिव्हर लॉजने त्याचं नाव जाहीरपणे घेतलं. जानेवारी १८८९ मध्ये खुद्द विल्यम थॉमसनने इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेत अध्यक्षीय भाषणात त्याच्या कामाचं कौतुक केलं. लक्षात घ्या, ज्याचं गणित अपुरं आहे असं या पोराने दाखवलं होतं, तोच कौतुक करत होता. १८९१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं. त्याच सोसायटीने १८९४ मध्ये त्याच्या ऑपरेशनल कॅलक्युलसच्या लेखाचा तिसरा भाग परत पाठवला, कारण सिद्धता काटेकोर नव्हत्या. डिफरन्शिएशनला एक साधं अक्षर समजून बीजगणितासारखं हाताळायचं आणि उत्तर बरोबर काढायचं, ही त्याची रीत गणितज्ञांना सहन होईना. पुढच्या पिढीने ती रीत लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या चौकटीत बसवली आणि ती आपल्या सिलॅबसमध्ये आली.

कॉइलच्या कल्पनेचं त्याने पेटंट घेतलं नव्हतं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल प्युपिन यांनी कॉइल किती अंतरावर घालायच्या याचा हिशेब करून १९०० मध्ये अमेरिकन पेटंट मिळवलं. ते बेल कंपनीने विकत घेतलं आणि प्युपिनना एकूण साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले. १९११ मध्ये अशा कॉइलच्या जोरावर, मध्ये एकही अॅम्प्लिफायर नसताना, न्यूयॉर्कहून डेन्व्हरपर्यंत बोलता येऊ लागलं. हेविसाइडला त्यातला एक पैसा मिळाला नाही. (याच कॉइल वरच्या फ्रिक्वेन्सी अडवतात, म्हणून पुढे लांबच्या टेलिफोन लाइनवर ब्रॉडबँड द्यायचं तर आधी त्या काढाव्या लागल्या.)

१८८९ पासून तो म्हाताऱ्या आईवडिलांसह इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंटनला राहत होता, भाऊ चार्ल्सच्या वाद्यांच्या दुकानाच्या वर. खाली पियानो आणि वर जवळजवळ बहिरा माणूस! १८९४ मध्ये आई गेली, १८९६ मध्ये वडील. रॉयल सोसायटीने गरजूंसाठीच्या निधीतून मदत देऊ केली होती ती त्याने धर्मादाय म्हणून नाकारली. पेरी आणि फिट्झजेराल्ड या मित्रांनी मग खटपट करून १८९६ मध्ये सरकारकडून वर्षाला १२० पौंडांचं मानधन मिळवलं आणि तो त्याच्या कामाचा सन्मान आहे असं पटवून त्याला घ्यायला लावलं.

१९०२ मध्ये त्याने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात तारायंत्रावर लेख लिहिला. मार्कोनीचा बिनतारी सिग्नल पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून अटलांटिकपार कसा गेला, हे तेव्हा कोडं होतं. हेविसाइडने लिहिलं की वर आकाशात वीजवाहक थर असावा, त्यामुळे लाटा वाट सोडत नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थर केनेलीनेही हेच सुचवलं. म्हणून त्या थराला केनेली-हेविसाइड थर म्हणतात. आता हे केनेली कोण? १७ डिसेंबर १८६१ रोजी मुंबईत, कुलाब्याला जन्मलेला पोरगा! तोही कॉलेजात न जाता तार ऑपरेटर झाला, एडिसनच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि शेवटी हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला. एसी सर्किट सोडवताना आपण इम्पीडन्स कॉम्प्लेक्स नंबरमध्ये लिहितो, त्यावरचा १८९३ चा गाजलेला लेख याच कुलाबेकराचा. कुलाब्यात त्याचं नाव किती जणांना माहीत असेल, शंका आहे.

हेविसाइडची शेवटची वर्षं वाईट गेली. १९०८ पासून तो टॉर्कीला एका घरात राहत होता आणि नंतर तिथे एकटाच उरला. थंडी त्याला सोसत नसे, खोली भट्टीसारखी तापवून ठेवायचा, आणि बिल थकलं म्हणून गॅस कंपनीने गॅसच तोडला. सामान म्हणून घरात ग्रॅनाइटचे धोंडे आणून ठेवले होते असं सांगतात. पत्राखाली सही करताना नावापुढे स्वतःच बनवलेली पदवी लावायचा, डब्ल्यू. ओ. आर. एम., म्हणजे किडा. एक पोलीस शिपाई त्याला खाणंपिणं आणून द्यायचा. १९२२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने पहिलंवहिलं फॅरेडे पदक त्याला दिलं. तो लंडनला येईना, म्हणून संस्थेचे अध्यक्ष पदक घेऊन टॉर्कीला गेले.

डिसेंबर १९२४ मध्ये अॅपल्टन यांनी रेडिओ लाटांच्या प्रयोगातून तो आकाशातला थर खरोखर आहे हे सिद्ध केलं. पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या प्रयोगानंतर महिनाभरात चौऱ्याहत्तर वर्षांचा हेविसाइड शिडीवरून पडला. त्याला दवाखान्यात नेलं आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तो वारला. पेंटनच्या दफनभूमीत आईवडिलांशेजारीच त्याला पुरलं.